अक्षरओळख नसलेल्या दाईंनी न्यूमोनिया ओळखला, तो मण्यांच्या पाटीवर

लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा आला की त्याचं वजन कुणी नजरेने ठरवत नाही. व्यापारी कितीही ओळखीचा असो, शेतकरी काट्याशी वाकून आकडा बघतोच. दोन किलोचा फरक पडला तरी तिथल्या तिथे आवाज चढतो.

आणि त्याच शेतकऱ्याच्या घरी दहा दिवसांचं बाळ भराभर श्वास घेत असतं, तेव्हा काय होतं? "पोट जरा उडतंय, सर्दी असेल, आजीला विचारा." इथे मात्र सगळा कारभार नजरेवर.

मग एखाद्या सकाळी आशाताई येतात. बाळाच्या अंगावरचं दुपटं बाजूला करतात, मनगटावरचं घड्याळ समोर धरतात आणि मिनिटभर बाळाच्या पोटाकडे बघत बसतात. ना कुठलं मशीन, ना सुई. घरातल्यांना वाटतं, ही बाई नुसती बसलीय. प्रत्यक्षात ती श्वास मोजत असते. काट्यावर गोणी चढवतात तसंच ते आहे, फक्त इथे तोलला जातोय तो बाळाचा जीव.

त्या एका मिनिटामागे बरीच वर्षं झालेलं संशोधन आहे. त्यात गणित आहे, शिक्षण आहे, वैद्यक आहे आणि थोडंसं इंजिनिअरिंगही आहे. आणि ते अमेरिकेतल्या एखाद्या प्रयोगशाळेत झालेलं नाही. मनमाड-संभाजीनगर रेल्वेमार्गावरच्या लासूर स्टेशनपासून निघालात तर राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, गडचिरोलीत ते झालं.

आधी समजून घेऊ, श्वासच का मोजायचा?

फुप्फुसात हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात. न्यूमोनियात त्यांच्यात पू आणि पाणी साचतं, फुप्फुस ताठ होतं. एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळायला हवा तेवढा मिळत नाही. मोठा माणूस अशा वेळी खोल श्वास घेऊ शकतो. तान्ह्या बाळाच्या बरगड्या मऊ, स्नायू कोवळे, त्याला खोल श्वास जमत नाही. मग ते एकच करू शकतं, श्वासांची संख्या वाढवायची.

१९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांनी ही गोष्ट नेमकी पकडली. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप वापरणारा डॉक्टर नाही, अशा ठिकाणी न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजा आणि छाती आत ओढली जातेय का ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे त्यावरून आकडे ठरवले. आजचे आकडे असे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर श्वासाचा वेग धोक्याचा.

ऐकायला किती सोपं! मोजा, आकडा बघा, औषध द्या.

पण मोजणार कोण?

गडचिरोलीतली अडचण

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. जंगल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, गावापासून लांब दवाखाना. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परत आलं आणि १९८६ मध्ये तिथे कामाला लागलं. त्यांच्या संस्थेचं नाव 'सर्च'. लांबलचक इंग्रजी नावाचं ते लघुरूप आहे, 'सोसायटी फॉर एज्युकेशन, अ‍ॅक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ'. नावातच शिक्षण, कृती आणि संशोधन तिन्ही. बहुतेक संस्था यातली एखादीच गोष्ट करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बाळं न्यूमोनियाने दगावत होती. उपचार तर माहीत होता. को-ट्रायमोक्झाझोल नावाचं स्वस्त अँटिबायोटिक तोंडाने देता येत होतं. अडचण होती ती आजारी बाळ आणि औषध यांच्यामधल्या अंतराची. बाळाला रात्री धाप लागली तर त्या घरात पोचू शकेल अशी एकच जाणती व्यक्ती गावात होती. ती म्हणजे दाई.

दाईवर लोकांचा विश्वास होता. बाळंतपण तिच्याच हातून झालेलं, त्यामुळे बाळाला उघडं करून बघायला तिला कुणी अडवत नव्हतं. पण तिला अक्षरओळख नव्हती. घड्याळ बघता येत नव्हतं. आणि साठपर्यंत सलग मोजणं? ते तर शक्यच नव्हतं.

इथे दोन वाटा होत्या. एक, दाईला आधी साक्षर करा, मग घड्याळ शिकवा, मग आकडे, मग न्यूमोनिया. तोवर किती बाळं जातील याचा हिशेब करा. दुसरी, "अडाणी बायकांच्या हाती हे देता येणार नाही" म्हणायचं आणि डॉक्टरची वाट बघायची. सरकारी बैठकांमध्ये बहुतेक वेळा दुसरीच वाट निघते, असं माझं मत आहे.

गडचिरोलीत तिसरी वाट काढली गेली. बाईला आकड्यापर्यंत नेण्याऐवजी आकडाच बाईपर्यंत आणायचा.

मण्यांची पाटी

उपकरणाला त्यांनी इंग्रजीत 'ब्रेथ काउंटर' म्हटलं, आपण श्वासगणक म्हणू. शाळेत मणी सरकवून बेरीज शिकायची पाटी आठवते? जवळपास तशीच. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. पाटीवर मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आणि दुसरी त्याहून मोठ्या बाळासाठी. प्रत्येक ओळीतला शेवटचा मणी लाल.

वापरायचं कसं? वाळूचं घड्याळ उलटं करायचं. बाळाच्या पोटाकडे बघत दहापर्यंत मोजायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया.

तान्ह्याच्या ओळीत लाल मणी सहावा, म्हणजे ६० श्वास. मोठ्या बाळाच्या ओळीत लाल मणी पाचवा, म्हणजे ५०. (एक वर्षापुढच्या मुलांसाठी ४० हा आकडा नंतर रूढ झाला.)

आता यात काय काय झालं बघा. साठपर्यंत मोजणं हे अवघड काम होतं, त्याचं रूपांतर दहापर्यंत सहा वेळा मोजण्यात झालं. मधेच विसरलं तर कितवी दहाई चालू आहे हे लक्षात ठेवायचं काम डोक्याऐवजी मण्यांनी केलं. मिनिट म्हणजे काय हे कळायची गरजच उरली नाही, ते वाळूने सांगितलं. आणि "६० हा आकडा ५८ पेक्षा मोठा आहे का?" ही तुलना दाईला करावीच लागली नाही. तिच्यासमोर प्रश्न एवढाच, लाल मणी सरकला की नाही?

आपल्याकडच्या जुन्या बायका विसांनी मोजायच्या. "दोन इसा आन् पाच" म्हणजे पंचेचाळीस. मोठी संख्या छोट्या गठ्ठ्यांत बांधायची ही युक्ती गावाला नवी नव्हती. ती वैद्यकाच्या कामाला लावायची कल्पना नवी होती.

कुणी म्हणेल, यात कसलं इंजिनिअरिंग, चार मणी आणि काचेतली वाळू! पण वापरणाऱ्याचा हात, डोळा आणि डोकं जसं आहे तसं धरून वस्तू घडवणं हेच तर इंजिनिअरिंगचं अवघड काम. बॅटरी नाही, बिघडायला काही नाही, दुरुस्तीला तालुक्याला न्यायला नको. भारी मशीन बनवून ते कपाटात धूळ खात पडलेलं आपण सगळ्यांनीच बघितलंय.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर?

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. नाडी मोजताना अनेक जण तसंच करतात. मग पूर्ण मिनिट कशाला?

समजा बाळ मिनिटाला खरोखर ५८ श्वास घेतंय. पंधरा सेकंदांत ते साडेचौदा होतात. अर्धा श्वास तर मोजता येत नाही, म्हणून तुम्ही एकदा १४ मोजाल, एकदा १५. चौदा गुणिले चार म्हणजे ५६, बाळ ठीक. पंधरा गुणिले चार म्हणजे ६०, बाळाला न्यूमोनिया. बाळ तेच, आजार तोच, फक्त एका श्वासाची चूक चारपट झाली.

शिवाय नवजात बाळाचा श्वास घड्याळाच्या काट्यासारखा चालत नाही. काही सेकंद भराभर घेतं, मग क्षणभर थांबतं, मग परत सुरू. भराभर घेण्याच्या तुकड्यात मोजलंत तर आकडा फुगतो, थांबण्याच्या तुकड्यात मोजलंत तर घटतो. पूर्ण मिनिटात हे चढउतार बऱ्यापैकी भरून निघतात. म्हणून तर साठाच्या वर आकडा आला की आशाताई पुन्हा एकदा मिनिटभर मोजतात. त्या गोंधळलेल्या नसतात, त्यांना तसंच शिकवलेलं असतं.

मग बाळं वाचली का?

कल्पना छान असणं वेगळं आणि तिने फरक पडणं वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येणाऱ्या घरगुती उपायांत आणि संशोधनात फरक आहे तो नेमका इथे.

गडचिरोलीत गावांचे दोन भाग केले. एका भागातल्या गावांत लोकांना बाळाच्या न्यूमोनियाबद्दल समजावलं गेलं आणि दाया, गावातले आरोग्य कार्यकर्ते व निमवैद्यकीय कर्मचारी यांनी आजार ओळखून औषध दिलं. दुसऱ्या भागातल्या गावांत नेहमीची व्यवस्था जशी होती तशी चालू राहिली. दोन्हीकडचे मृत्यू मोजले.

हा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. उपचार झालेल्या ६१२ न्यूमोनियाच्या बाळांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी दगावण्याचं प्रमाण १३.५ टक्के होतं. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू एकीकडे ८.१, तर दुसरीकडे १७.५. निम्म्याहून कमी.

पण हे आकडे बारकाईने बघितल्यावर दुसरी गोष्ट समोर येते. न्यूमोनियावर बरंच काही करता आलं, तरी जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जाणारी बाळं उरलीच. कमी वजनाची, जन्मतः न रडलेली, अंग गार पडलेली, रक्तात जंतुसंसर्ग झालेली. आणि तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग म्हणजे थेट मोठ्या रुग्णालयात भरती, असंच डॉक्टरांच्या पुस्तकांत होतं. गडचिरोलीतल्या आईला ते पुस्तक लागू पडत नव्हतं. बाळंतीण आणि तान्हं बाळ घराबाहेर काढायचं नाही ही रीत, खिशात पैसे नाहीत, आणि रुग्णालय दूर.

३९ गावं आणि ४७ गावं

१९९३ पासून पुढचा प्रयोग सुरू झाला, घरोघरी नवजात बाळाची काळजी. ३९ गावांत सेवा, ४७ गावं तुलनेला. आधीची दोन वर्षं, १९९३ ते ९५, फक्त मोजलं. कुठली बाळं जन्मली, कशाने आजारी पडली, किती गेली. मग १९९५ पासून गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना तयार केलं. लोक त्यांना आरोग्यदूत म्हणू लागले.

त्यांचं काम ऐका. बाळंतपणाला हजर राहायचं. बाळ रडलं नाही तर मास्कने त्याच्या तोंडात हवा भरायची. वजन करायचं, ताप बघायचा, बाळ गार पडू नये म्हणून त्याला झोपण्याच्या उबदार पिशवीत ठेवायचं, आईला दूध पाजायला मदत करायची. २८ दिवस पुन्हा पुन्हा घरी जायचं. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर, आईवडिलांच्या संमतीने, जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं.

इंजेक्शन! यावरून वैद्यकीय वर्तुळात वाद झाला, आणि तो होणारच होता. आठवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? काळजी पूर्ण चुकीची होती असं मी म्हणणार नाही. चुकीच्या हाती अँटिबायोटिक पडलं की काय होतं ते आपण गल्लीबोळातल्या दवाखान्यांत बघतोच. पण वादाचं उत्तर वादाने मिळत नाही, मोजून मिळतं.

इंजेक्शन कधी द्यायचं, याचा नियमही मोजूनच ठरला. बाळ दूध कमी ओढू लागलं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, पोट फुगलं किंवा उलट्या झाल्या, अंग गार लागलं, छाती खोल आत जाऊ लागली, नाळेला पू आला. यातलं एखादं लक्षण निरोगी बाळातही कधीमधी दिसतं. पण दोन लक्षणं एकाच वेळी दिसली तर धोका. गडचिरोलीच्या बाळांच्या नोंदींवर हा नियम तपासला, तेव्हा संसर्गाने दगावलेलं एकही बाळ त्यातून निसटलेलं नव्हतं. त्याची किंमतही होती. दर दहांपैकी सुमारे एका बाळाला 'संशयित' म्हणावं लागत होतं आणि त्यातली बरीच उपचाराविनाही वाचली असती. चाळणी बारीक केली तर निरोगी बाळंही अडकतात, मोठी केली तर आजारी निसटतात. कुठे थांबायचं हे गणित ठरवत नाही, माणसांना ठरवावं लागतं. इथे निर्णय असा झाला की एखाद्याला जास्तीचं औषध गेलं तरी चालेल, बाळ जाता कामा नये.

६२ टक्के हा आकडा कुठून आला?

१९९९ मध्ये निष्कर्ष पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आले. नवजात मृत्युदर ६२.२ टक्क्यांनी घटला. हा आकडा भाषणांत खूप वापरला जातो, पण तो काढला कसा हे क्वचितच कुणी सांगतं. दोन मिनिटांचं गणित आहे, करूनच बघू.

सेवेच्या गावांत आधी दर हजार जन्मांमागे ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५.५ वर आला. म्हणजे घट ५८.९ टक्के.

आता तुलनेची गावं. तिथे आधी ५७.७, नंतर ५९.६. म्हणजे घट सोडाच, ३.३ टक्क्यांची वाढ.

याचा अर्थ काय? आरोग्यदूत नसत्या, तर सेवेच्या गावांतही आकडा थोडा वरच गेला असता असं मानायला जागा आहे. म्हणून ५८.९ अधिक ३.३, एकूण ६२.२. संशोधक याला निव्वळ घट म्हणतात.

तुलनेची गावं नसती तर कुणीही विचारलं असतं, "रस्ता झाला असेल, पीक चांगलं आलं असेल, आजाराची साथ नसेल, तुमच्यामुळेच बाळं वाचली कशावरून?" दुकानात काटा तपासताना आपण दुसऱ्या पारड्यात ठरलेल्या वजनाचं माप ठेवतो ना, तुलनेची ४७ गावं म्हणजे ते माप.

या प्रयोगाची एक मर्यादाही सांगायला हवी. कुठल्या गावात सेवा आणि कुठल्या गावात नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. आजचे काटेकोर संशोधक त्यावर बोट ठेवतात आणि ते रास्त आहे. मात्र आधीची दोन वर्षं दोन्हीकडे मोजलेलं असल्याने सुरुवातीला दोन्ही भाग किती सारखे होते ते आकड्यांत दिसतं.

आणखी दोन आकडे मला ६२ पेक्षाही महत्त्वाचे वाटतात. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, आरोग्यदूतांच्या उपचारानंतर २.८ टक्के. आणि दर १८ नवजात बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. खर्च होता प्रत्येक बाळामागे सव्वापाच डॉलरच्या आसपास.

लासूरपर्यंतचा रस्ता

एका जिल्ह्यात जमलं म्हणून सगळीकडे जमेलच असं नाही. एक दांपत्य, त्यांच्यावरचा लोकांचा विश्वास, हाताखाली घडवलेली माणसं. हे सगळं सरकारी आदेशाने उभं राहतं का? म्हणून महाराष्ट्रातल्या इतर संस्थांसोबत 'अंकुर' प्रकल्पात ही पद्धत सात ठिकाणी करून बघितली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच राज्यांत चाचणी घेतली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली. आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत देशभर घरभेटींची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

लासूर स्टेशनच्या गल्लीत घड्याळ घेऊन येणाऱ्या आशाताई या साखळीतून येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. आशा शिकलेल्या असतात, त्यामुळे मण्यांची पाटी आता लागत नाही. तत्त्व मात्र तेच, गावातल्या बाईच्या हाती माप द्या.

वाटेत काही गळलंही. आशांच्या हाती इंजेक्शन दिलेलं नाही. बाळ आजारी दिसलं तर त्यांनी पुढे पाठवायचं. आज १०८ आणि १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आहेत, लासूरहून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत रस्ता आहे, त्यामुळे इथे ते चालून जातं. ज्या गावाला रस्ताच नाही तिथे "पुढे पाठवा" या दोन शब्दांना काय अर्थ उरतो, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, मोबदला. सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर एका बाळामागे आशांना २५० रुपये ठरले. गडचिरोलीत आरोग्यदूतांचं मुख्य काम बाळ हेच होतं. आशांकडे लसीकरण आहे, सर्वेक्षणं आहेत, कोविडमध्ये दारोदार फिरणं होतं, वर मोबाइलमध्ये नोंदी भरणं. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या होत्या, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. पूर्ण मिनिट श्वास मोजायचा असतो, पण मागे आणखी पाच घरं बाकी असतील तर हात आपोआप पंधरा सेकंदांवर येतो. आणि पंधरा सेकंदांचं गणित आपण वर बघितलंच.

तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर

बाळ शांत असताना मोजा, शक्यतो झोपेत. रडताना, दूध पिताना किंवा ताप चढलेला असताना श्वास तसाही वाढतो. कपडा वर करा, पोटाकडे बघा. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर पूर्ण साठ सेकंदांचा टायमर लावा आणि मोजणारा एक, टायमर बघणारा दुसरा असेल तर उत्तम. मोजताना डोळे पोटावरून हटवू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तेवढेच आले तर वाट बघू नका, बाळाला लगेच आरोग्य केंद्रात न्या.

आकडा ६० च्या खाली आहे, पण बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, अंग गार लागतंय किंवा तापलंय, श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत जातोय, झटके येतायत, तर मोजत बसायचीही गरज नाही. निघा. घरातली अँटिबायोटिकची उरलेली बाटली, मोठ्या भावंडाचं औषध, पोटावर डाग देणं, यातलं काहीही करू नका. बाळाला छातीशी, आईच्या अंगाला चिकटवून उबदार ठेवा आणि जमत असेल तर वाटेत दूध पाजत राहा.

आणि आशाताई आल्या की त्यांना "सगळं ठीक आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका. बाळाला उघडं करून दाखवा. त्या घड्याळाकडे बघत असताना चहा घ्या, सरबत घ्या असं मधेच विचारलं की मोजणी पहिल्यापासून करावी लागते.

बेचाळिसाव्या दिवशी शेवटची भेट होते. त्या वजन करतात, श्वास मोजतात, आईला विचारून उरलेले रकाने भरतात आणि तो फॉर्म पिशवीत ठेवतात. फॉर्मवर भेटींच्या नोंदी लिहिलेल्या असतात. एकदा तो मागून बघा.